फक्त प्लेग : मॉस्को, डिसेंबर १९३९

मॉस्कोतील 'नॅशनल' हे हॉटेल क्रेमलिनच्या समोरच उभे आहे. १९३९ च्या डिसेंबर महिन्यात तेथे उतरलेल्या एका पाहुण्याने हॉटेलातील न्हाव्याकडून दाढी करून घेतली. पाहुणा व्होल्गाकाठच्या सारातोव शहरातून आलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता. आरोग्य खात्यापुढे आपल्या संशोधनाचा अहवाल मांडण्यासाठी त्याला राजधानीत पाचारण करण्यात आले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत हा पाहुणा, तो न्हावी आणि पाहुण्याला रुग्णालयात तपासणारा एक डॉक्टर असे तिघे जण मरण पावले. तिघांचा रोग एकच होता : फुप्फुसाचा प्लेग.

चौथा मृत्यू झाला नाही. मॉस्कोची लोकसंख्या त्या वेळी चाळीस लाखांच्या वर होती, हिवाळा ऐन भरात होता आणि रोगावर खात्रीचे औषध जगात कोठेही उपलब्ध नव्हते. तरीही चौथा मृत्यू झाला नाही. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हा या धाग्याचा विषय आहे. उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही.

शास्त्रज्ञाचे नाव अब्राम ल्वोविच बर्लिन. ते सारातोवच्या 'मिक्रोब' या संस्थेत काम करीत. १९१८ साली, रशियातील यादवीच्या धामधुमीत स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः प्लेगच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. ती नेमकी सारातोवलाच का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. व्होल्गा आणि कास्पियन समुद्र यांच्या परिसरातील गवताळ व वालुकामय प्रदेशांत प्लेगचे जंतू बिळांत राहणाऱ्या रानटी प्राण्यांमध्ये कायमचे वस्तीला असतात. माणसांत साथ नसतानाही हा रोग असा जमिनीखाली जिवंत राहतो.

हा सिद्धान्त रुजवणाऱ्यांपैकी एक होते दानिइल झाबोलोत्नी, आणि प्लेगशी त्यांचा जवळून परिचय झाला तो मुंबईत. १८९७ साली रशियाने मुंबईला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात ते होते. त्या वर्षी मुंबई ही जगभरच्या प्लेग-संशोधकांची पंढरी झाली होती. ओदेसात जन्मलेले वाल्देमार हाफकिन येथेच, ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत, प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेत होते. मांडवी आणि सारातोव ही नावे एका वाक्यात कधी येतील असे सहसा वाटत नाही, पण प्लेगच्या इतिहासात ती शेजारी शेजारी बसतात.

हाफकिन यांची लस मारलेल्या जंतूंची होती. सोव्हिएत संशोधकांनी पुढे दुसरी वाट धरली : जिवंत, परंतु दुर्बल केलेल्या जंतूंची लस. असे जंतू शरीरात गेल्यावर खरोखर दुर्बलच राहतील याची ग्वाही कोण देणार? १९३४ मध्ये माग्दालिना पोक्रोव्स्काया या संशोधिकेने अशी लस स्वतःच्याच शरीरात टोचून घेऊन त्या प्रश्नाचे एक उत्तर दिले. बर्लिन याच जिवंत लसीच्या कामात होते. प्रयोगशाळेत त्यांना संसर्ग झाला आणि तो प्रकट होण्याआधीच ते मॉस्कोच्या गाडीत बसले.

येथे प्लेगच्या दोन रूपांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या स्मृतीत आहे तो मुख्यतः गाठीचा प्लेग. उंदीर पडतात, त्यांच्या अंगावरील पिसवा माणसाला चावतात, जांघेत किंवा काखेत गाठ येते. हा रोग भयंकर असला, तरी रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाला तो सहजासहजी लागत नाही. फुप्फुसाच्या प्लेगला उंदीर लागत नाही आणि पिसूही लागत नाही. रुग्ण खोकला की तुषारांवाटे तो समोरच्याच्या श्वासात शिरतो. एक-दोन दिवसांत, फार तर तीन-चार दिवसांत, लक्षणे दिसतात आणि उपचार न मिळाल्यास रुग्ण जवळजवळ निश्चितपणे दगावतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात याच रूपाने सुमारे साठ हजार माणसे नेली. तेथे डॉ. वू ल्येन-ते यांनी कापडी मुखपट्टीचा आग्रह धरला. रोग श्वासातून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर मेनी यांना पटले नाही. मुखपट्टीवाचून रुग्ण तपासल्यावर काही दिवसांतच त्यांना मृत्यूने गाठले. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध हाती यायला अजून १९४० चे दशक उजाडायचे होते.

बर्लिन मॉस्कोत आले, अहवालाच्या बैठकीला गेले, हॉटेलात परतले आणि तापाने फणफणले. बोलावलेल्या डॉक्टरने न्यूमोनिया ठरवला. त्या डॉक्टरला दोष देणे आज सोपे आहे. रशियाच्या डिसेंबरात ताप, खोकला आणि छातीत दुखणे घेऊन आलेल्या माणसाला न्यूमोनियाच झाला असणार, हे अनुमान शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर ठरते. रुग्णाला नोवो-येकातेरिनिन्स्काया रुग्णालयात हलवण्यात आले. तेथे त्याला डॉ. सिमोन गोरेलिक यांनी तपासले.

गोरेलिक यांना न्यूमोनियाचे निदान पटले नाही. हा फुप्फुसाचा प्लेग असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष निघाला त्या क्षणी त्यांना आणखी एक गोष्ट कळली असणार. रुग्णाची छाती आपण अगदी जवळून तपासली आहे, आणि तीही नेहमीच्या रुग्णासारखी, कोणत्याही संरक्षणावाचून. त्यांनी वरिष्ठांना कळवले आणि रुग्णाबरोबर स्वतःलाही कोंडून घेतले. या कथेतील शौर्य म्हणून सहसा हेच सांगितले जाते, आणि ते शौर्य आहेच. परंतु त्याआधीचे कृत्य, म्हणजे 'प्लेग' हा शब्द उच्चारणे, हेही तितकेच धाडसाचे होते. त्यासाठी १९३९ चे मॉस्को समजून घ्यावे लागते.

दोनच वर्षांपूर्वी महादहशतीचा काळ सुरू झाला होता. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना देहदंड झाल्याची नोंद सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच दप्तरात आहे. ज्या आरोग्य खात्यात बर्लिन अहवाल मांडायला गेले, त्या खात्याचे प्रमुख ग्रिगोरी कामिन्स्की यांना जून १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३८ च्या फेब्रुवारीत गोळी घालण्यात आली. त्यानंतरच्या महिन्यात मॉस्कोत जो जाहीर खटला चालला, त्यात आरोपींच्या पिंजऱ्यात तीन डॉक्टर होते : लेव्ह लेव्हिन, इग्नाती काझाकोव्ह आणि दिमित्री प्लेत्न्योव्ह. रुग्णांना, त्यांत लेखक मक्सिम गॉर्कीलाही, उपचारांच्या मिषाने ठार केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पहिल्या दोघांना लगेच देहदंड झाला. प्लेत्न्योव्ह हे देशातील अग्रगण्य हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९४१ मध्ये तुरुंगातून बाहेर काढून गोळी घालण्यात आली.

अशा शहरात, फिनलंडशी युद्ध पेटलेले असताना आणि स्तालिनच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा २१ डिसेंबरला साजरा होण्याच्या त्या महिन्यात, क्रेमलिनसमोरच्या हॉटेलातून आलेल्या रुग्णाला प्लेग आहे असे एका डॉक्टरने म्हणायचे! निदान चुकले, तर अफवा पसरवून घबराट माजवल्याचा ठपका. निदान बरोबर ठरले, तर हा रोग राजधानीत आणला कोणी, असा पुढचा प्रश्न. त्या व्यवस्थेत आपत्ती ही कधी नुसती आपत्ती नसे. तिच्यामागे कोणी तरी घातपाती असावाच लागे.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर लेव्ह झिल्बेर यांची हकिकत पाहावी. थोडे विषयांतर होईल, पण ते आवश्यक आहे. झिल्बेर हे बाकूच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेचे संचालक. 'दोन कप्तान' या कादंबरीचे लेखक वेनिआमिन कावेरिन हे त्यांचे धाकटे बंधू. १९३० साली नागोर्नो-काराबाखमधील हद्रुत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उसळली आणि झिल्बेर पथक घेऊन तेथे पोहोचले. या मोहिमेच्या आठवणींना त्यांनी पुढे 'ऑपरेशन रुदा' असे नाव दिले. 'रुदा' म्हणजे खनिज. तारेत 'प्लेग' हा शब्द लिहायचा नसल्याने त्याजागी योजलेला तो सांकेतिक शब्द.

झिल्बेर सांगतात की तेथील गुप्त पोलीस अधिकाऱ्याने त्यांना एक भयंकर बातमी दिली. प्लेगने मेलेल्यांची प्रेते कोणी तरी उकरत आहे, शिरे तोडत आहे, हृदये काढून नेत आहे. हा परकीय घातपात्यांचा कट असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री होती. थडगी उघडून पाहिली, तेव्हा काही प्रेते खरोखर तशा अवस्थेत सापडली. उलगडा झाला तो एका वृद्ध शिक्षकाकडून. एका घरातील माणसे पाठोपाठ मरू लागली, तर पहिला मृत अजून जिवंत असून तोच बाकीच्यांना थडग्यात ओढून नेत आहे, अशी तेथील जुनी समजूत होती. त्यावरचा उपाय म्हणून प्रेताचे शिर तोडायचे, हृदय काढायचे आणि त्याचे तुकडे नातलगांना खायला द्यायचे. साथ का पसरत होती, हे या एका उत्तरातून स्पष्ट झाले. घातपाती कोणी नव्हतेच.

साथ आटोक्यात आली आणि त्यानंतर झिल्बेर यांना अटक झाली. प्लेग पसरवण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावरच ठेवण्यात आला. काही महिन्यांनी ते सुटले. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडील जंगलात जाऊन त्यांनी गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू शोधला. परत येताच पुन्हा अटक, आणि या वेळी मेंदूज्वर पसरवल्याचा आरोप. सुटका, मग १९४० मध्ये तिसरी अटक, आणि पेचोरा नदीकाठची श्रमछावणी. तेथे कैदी जीवनसत्त्वाअभावी पेलाग्रा रोगाने मरत होते. रेनडिअर खातात त्या शेवाळसदृश दगडफुलापासून औषध बनवून त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. रोग शोधायचा, रोग थांबवायचा आणि मग तो पसरवल्याबद्दल तुरुंगात जायचे, असा त्यांच्या आयुष्याचा क्रमच होऊन बसला होता. ही उदाहरणे डॉक्टरांच्या जगात कानोकानी पसरत असणारच.

या पार्श्वभूमीवर गोरेलिक यांच्याकडे पुन्हा पाहावे. गप्प राहणे त्यांना शक्य होते. न्यूमोनियाचे निदान आधीच कागदावर होते आणि त्यावर दुसऱ्याची सही होती. रुग्ण दोन दिवसांत गेला असता आणि 'न्यूमोनियाने मृत्यू' ही नोंद कोणालाही खटकली नसती. तोपर्यंत रुग्णालयातील परिचारिका, त्यांची घरे, ट्रामगाड्या आणि दुकानांपुढच्या रांगा यांतून मॉस्कोचे काय झाले असते, त्याचा अंदाज मांचुरियाच्या आकड्यांवरून करता येतो.

निदान वर पोहोचल्यावर चक्रे विलक्षण वेगाने फिरली. रुग्णालय बंद करण्यात आले. बर्लिन यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध सुरू झाला : हॉटेलातील नोकर, आगगाडीतील सहप्रवासी, बैठकीला बसलेले अधिकारी. ही माणसे शोधून आणण्याचे काम एनकेव्हीडी या गुप्त पोलीस यंत्रणेकडे होते. याद्या करणे, एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत पोहोचणे, माणसाला घरातून उचलणे आणि शेजाऱ्यांना काही कळू न देणे, या कामाचा त्यांना दांडगा सराव होता. साथरोगशास्त्रात ज्याला संपर्कशोध म्हणतात, त्याची तालीम ही मंडळी कित्येक वर्षे वेगळ्याच हेतूने करीत आली होती.

ल्युदमिला उलित्स्काया या रशियन लेखिकेने या घटनेवर चित्रपटाची संहिता लिहिली. ती कित्येक वर्षे पडून राहिली आणि २०२० मध्ये, जग कोविडच्या टाळेबंदीत असताना, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्रजी अनुवादाच्या नावाचा अर्थ होतो 'फक्त प्लेग'. उलित्स्काया यांचे शिक्षण जीवशास्त्राचे असून आनुवंशशास्त्राच्या संस्थेत त्यांनी काम केले होते, त्यामुळे प्रयोगशाळेचे तपशील त्यांना परके नाहीत. पुस्तक थरारकथेसारखे वाचले जाते. छोटे छोटे प्रसंग, दारावरची थाप, गाडीचा आवाज. पात्रांची नावे काल्पनिक आहेत, बर्लिन तेथे मायर झाले आहेत.

पुस्तकातील थरार मात्र रोगापेक्षा दारावरच्या थापेचा आहे. रात्री गणवेशातील माणसे आली की घरातले सगळे एकच अर्थ घेतात. कोणी गुपचूप कपड्यांचे गाठोडे बांधते, कोणी त्याहून भीषण मार्ग पत्करते. विलगीकरण संपून माणसे घरी परततात आणि खरे कारण सांगतात, तेव्हा त्यांना व त्यांच्या घरच्यांना आनंद होतो. अटक नव्हती, चौकशी नव्हती, फक्त प्लेग होता! मध्ययुगापासून ज्या शब्दाने खंडच्या खंड हादरले, तो शब्द ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणारी माणसे जगाच्या इतिहासात फारशी सापडणार नाहीत. त्या राजवटीचे याहून नेमके वर्णन कोणत्याही आकडेवारीत मिळत नाही.

माणसे मारण्यासाठी उभारलेल्या या यंत्रणेने या एका प्रसंगी माणसे वाचवली, अशा अर्थाचे विधान उलित्स्काया यांनी केले आहे. ते खरे आहे. येथूनच एक मोहक युक्तिवाद सुरू होतो, आणि कोविडच्या काळात तो अनेकांच्या तोंडी होता : साथ आवरायची तर कठोर राजवटच हवी, लोकशाहीला ते जमायचे नाही.

पुणेकरांना या युक्तिवादाची परीक्षा १८९७ मध्येच पाहायला मिळाली होती. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले, रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांना घरोघर झडतीला पाठवले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले हे येथे सांगण्याची गरज नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात नेत होत्या. रुग्णसेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. धाक पुण्यात होता तसाच मॉस्कोतही होता, उलट मॉस्कोत कितीतरी अधिक होता. मग एका ठिकाणी तो फसला आणि दुसऱ्या ठिकाणी चालला कसा?

एक फरक प्रमाणाचा. पुण्यात रोग गल्लोगल्ली पसरलेला होता. मॉस्कोत तो एका माणसापासून निघालेला होता आणि साखळीची पहिली कडीच हाती लागली होती. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. मॉस्कोच्या यंत्रणेला ती पहिली कडी स्वतःला सापडलेली नव्हती. तिच्या याद्या, तिच्या गाड्या, तिचे खबरी यांपैकी कशालाही न्यूमोनिया आणि प्लेग यांतला फरक ओळखता आला नसता. ते एका डॉक्टरने ओळखले आणि ओळखल्यावर तो बोलला. असे बोलणारे डॉक्टर कमी व्हावेत, याची तजवीज तीच यंत्रणा दहा वर्षे करीत आली होती. त्यामुळे १९३९ चे श्रेय तिच्या पदरात घालताना हद्रुतची हकिकत आणि १९३८ चा खटला हेही त्याच पदरात घालावे लागते. गोरेलिक यांच्या जागी जरा अधिक सावध माणूस असता, तर एनकेव्हीडीची सारी कार्यक्षमता निरुपयोगी ठरली असती.

बर्लिन गेले. गोरेलिक यांना संसर्ग झालाच होता, तेही गेले. न्हावीही वाचला नाही. वर्तमानपत्रांत याविषयी काही आले नाही.

शवविच्छेदन याकोव्ह रापोपोर्ट या विकृतिशास्त्रज्ञाने केले. प्लेगच्या प्रेताजवळ इतका वेळ काढूनही ते सुखरूप राहिले. १३ जानेवारी १९५३ रोजी 'प्रावदा'ने सोव्हिएत नेत्यांना उपचारांच्या मिषाने मारणाऱ्या डॉक्टरांची टोळी पकडल्याची बातमी छापली. नावे बहुतांशी ज्यू डॉक्टरांची होती. पुढच्या महिन्यात रापोपोर्ट यांनाही अटक झाली. ५ मार्चला स्तालिनचा मृत्यू झाला आणि ४ एप्रिलला, हे सारे प्रकरण बनावट असल्याची कबुली सरकारनेच दिल्यावर, ते घरी परतले. आपल्या आठवणींत त्यांनी डॉक्टरांच्या त्या कटाबरोबरच १९३९ च्या प्लेगबद्दलही लिहिले. ते पुस्तक सोव्हिएत संघात छापले जायला गोर्बाचेव्ह यांचा काळ उजाडावा लागला. उलित्स्काया यांना ही कथा मिळाली ती रापोपोर्ट यांच्या मुलीकडून.